धाकटा कोवाच: फुटबॉलमधला सहायक प्रशिक्षक नेमकं करतो काय?

क्रोएशियासाठी ८४ आंतरराष्ट्रीय सामने, गोल शून्य. रॉबर्ट कोवाचची ही आकडेवारी बघून कुणी नाक मुरडेल, पण मध्यभागी खेळणाऱ्या बचावपटूचं मोजमाप गोलांवरून करायचं नसतं. त्याचा थोरला भाऊ निको याच्या नावावर ८३ सामने आणि १४ गोल आहेत. म्हणजे सामने धाकट्याचे एकाने जास्तच. तरी कोवाच म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो थोरला. तो मिडफिल्डमध्ये खेळायचा, देशाचा कर्णधार होता आणि आज मुख्य प्रशिक्षक म्हणून कॅमेऱ्यासमोर बोलतो. रॉबर्ट पूर्वी त्याच्या मागे बचावात असायचा, आता बाकावर त्याच्या शेजारी असतो. २०१३ पासून निकोने ज्या ज्या संघाची सूत्रं घेतली, त्या प्रत्येक संघात सहायक म्हणून रॉबर्ट होता.

सामना बघताना आपल्याला मुख्य प्रशिक्षक दिसतो. त्याच्या बाजूला तीन-चार माणसं वही, टॅब्लेट घेऊन बसलेली असतात, मधूनच एखादा उठून त्याच्या कानाशी लागतो. ही माणसं कोण, त्यांना पगार कशाचा मिळतो आणि संघ हरला की त्यांचं काय होतं, हे समजून घ्यायला रॉबर्टची कारकीर्द फार सोयीची आहे. कारण त्याने दुसरं काही केलंच नाही: आधी बचाव, मग सहायकपद.

कोवाच कुटुंब मूळचं बोस्निया-हर्झेगोविनातल्या लिव्हनो भागातलं, क्रोएट वंशाचं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातून लाखो लोक कामासाठी पश्चिम जर्मनीत गेले, त्यांत रॉबर्टचे आई-वडीलही होते. निकोचा जन्म १९७१ चा, रॉबर्टचा १९७४ चा, दोघांचाही पश्चिम बर्लिनमध्ये. वेडिंग नावाच्या कामगारवस्तीत ते वाढले. बर्लिनची भिंत याच भागाच्या कडेने जायची. दोघेही हेर्था झेलेनडॉर्फ या स्थानिक क्लबात शिकले. रॉबर्ट १९९५ मध्ये न्यूर्नबर्गला गेला. पहिल्याच हंगामात तो संघ दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरला, पण रॉबर्टला मात्र थेट पहिल्या श्रेणीतल्या बायर लेव्हरकूझनने उचललं. त्याच १९९६ च्या उन्हाळ्यात निकोही तिथे आला.

आता थोडं तांत्रिक. नव्वदच्या दशकातलं जर्मन फुटबॉल ज्यांनी पाहिलंय त्यांना लिबेरो आठवत असेल. बचावफळीच्या मागे एक मोकळा खेळाडू, ज्याला कुणाला धरून राहायचं बंधन नाही. लोथार मथाउस उतारवयात तिथे खेळायचा, माथियास झामरला १९९६ चा बालों दोर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला तो याच जागेवर खेळून. या मोकळ्या खेळाडूच्या पुढे दोन स्टॉपर असत. त्यांचं काम एकदम सरळ आणि एकदम कंटाळवाणं: समोरचा एक स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे असलेला खेळाडू, वाटून घ्यायचा आणि ९० मिनिटं त्याची पाठ सोडायची नाही. रॉबर्ट याच कामाचा माणूस. उंची सहा फुटांच्या जवळपास, म्हणजे सेंटर-बॅकच्या, अर्थात मधल्या बचावपटूच्या, मानाने काही फार नाही. पण वेग चांगला, टॅकल वेळेवर आणि चेंडू मिळाला की कारागिरी न करता तो जवळच्या सहकाऱ्याला देऊन मोकळा.

ही पद्धत पुढे मागे पडली. चार बचावपटू एका ओळीत, माणसाऐवजी जागा राखायची, चेंडू जिकडे सरकेल तिकडे सगळी ओळ सरकवायची, हा प्रकार जर्मनीत उशिरा पण ठामपणे रुळला. कबड्डीत हाताला हात धरून साखळी करणारे बचावपटू चढाई करणाऱ्याच्या हालचालीसरशी एकत्र सरकतात, एकाने साखळी सोडली की सगळ्यांचा घात होतो, तसंच हे. एक जण दोन पावलं मागे राहिला तर ओळ पुढे नेऊन स्ट्रायकरला तिच्या मागे नियमबाह्य जागी पकडायचा, म्हणजे ऑफसाइडचा, सापळा फसतो आणि स्ट्रायकर गोलरक्षकासमोर एकटा उभा राहतो. रॉबर्टची पिढी या दोन्ही पद्धतींत खेळली. माणूस धरणं त्याला अंगवळणी पडलं होतं, ओळ सांभाळणं त्याला शिकावं लागलं. जे शिकावं लागतं ते दुसऱ्याला समजावता येतं. प्रशिक्षक म्हणून त्याच्याकडे असलेलं भांडवल हेच, असं मला वाटतं.

लेव्हरकूझनचा तो संघ सुंदर खेळायचा आणि शेवटी हरायचा. १९९७, १९९९, २००० असे तीन वेळा ते बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, दुसरे आले. त्यातलं २००० सालचं दुखणं मोठं. शेवटच्या दिवशी नवख्या उंटरहाखिंगविरुद्ध नुसती बरोबरी पुरली असती. ते २-० हरले, त्यातला एक गोल मिखाएल बालाकने स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. विजेतेपद बायर्न म्युनिकला गेलं. वर्षभराने, २००१ मध्ये, रॉबर्टही बायर्नला गेला. निकोही पुन्हा सोबत होताच. तिथे चार वर्षांत रॉबर्टने २००३ आणि २००५ अशी दोनदा लीग आणि जर्मन कपची दुहेरी मिळवली.

मग युव्हेंटस. प्रशिक्षक फाबिओ कापेल्लोचा संघ, बचावात कानाव्हारो आणि थुराम. तिथे रॉबर्टला जागा मिळवण्यासाठीच झगडावं लागलं. २००६ मध्ये इटलीतल्या पंचनेमणुकीच्या घोटाळ्यात युव्हेंटसचं विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि संघाला दुसऱ्या श्रेणीत ढकललं. कानाव्हारो, थुराम, इब्राहिमोविच निघून गेले. रॉबर्ट थांबला, दुसऱ्या श्रेणीत खेळला, संघ वर आल्यावर २००७ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडला गेला. २००८ मध्ये तिथे प्रशिक्षक म्हणून युर्गेन क्लॉप आला, त्याने सुबोटिच आणि हुमेल्स या कोवळ्या पोरांवर बचाव उभारला. चौतिशीतल्या रॉबर्टला फारसं काम उरलं नाही. २००९ च्या सुरुवातीला तो डिनामो झाग्रेबला गेला आणि २०१० मध्ये बूट उतरवले. जर्मनीत जन्मून, जर्मन आणि इटालियन मैदानांवर वय घालवून क्रोएशियन लीगमध्ये तो खेळला तो असा अगदी शेवटी.

राष्ट्रीय संघाची गोष्ट वेगळी. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशिया तिसरा आला. त्या संघाच्या बचावात स्लावेन बिलिच आणि इगोर श्टिमाच होते. रॉबर्ट १९९९ मध्ये आला, म्हणजे मेजवानी उठल्यावर. २००२ मध्ये त्यांनी इटलीला हरवलं आणि तरी गटातच बाद झाले; २००६ मध्येही गटाबाहेर पडता आलं नाही. त्याच्या काळातली संस्मरणीय रात्र म्हणजे २१ नोव्हेंबर २००७. लंडनच्या वेंब्ली मैदानावर क्रोएशियाने इंग्लंडला ३-२ हरवलं आणि २००८ च्या युरोतून, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेतून, बाहेर ठेवलं. त्या बचावफळीत रॉबर्टबरोबर योसिप शिमुनिच, दारिओ शिमिच आणि एकविशीतला वेद्रान चोर्लुका होता. यातली दोन नावं पुढे पुन्हा येतील.

आता सहायकाच्या कामाकडे वळू.

मुख्य प्रशिक्षकाचा दिवस बराचसा बोलण्यात जातो. मालक, क्रीडा संचालक, पत्रकार, डॉक्टर, नाराज खेळाडू, त्याचा एजंट. मैदानावरच्या सरावाचा मोठा भाग त्यामुळे सहायकांच्या हाती असतो. साधारणपणे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सहायक आणि व्हिडिओ विश्लेषक मिळून सामना पुन्हा पाहतात, गोल कुठून झाला यापेक्षा त्याच्या दहा सेकंद आधी कोण चुकीच्या जागी होता ते शोधतात. मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने. त्यांचा डावा बॅक पुढे गेला की मागे जागा मोकळी राहते का? कॉर्नरला ते जवळच्या खांबावर मारतात की लांबच्या? सरावात संघ विभागला जातो. बचावपटूंचा गट एका सहायकाकडे, आघाडीचा दुसऱ्याकडे. ओळ कधी पुढे न्यायची, कधी मागे यायचं, क्रॉस येताना पाय कसे वळवायचे, हे तासन् तास घोटून घेतलं जातं. फ्री-किक आणि कॉर्नर यांचा सराव तर हल्ली इतका महत्त्वाचा झालाय की काही मोठे क्लब त्यासाठी वेगळा माणूस नेमतात.

सामन्यादरम्यान कामाची वाटणी होते. मुख्य प्रशिक्षकाची नजर चेंडूबरोबर पळते. ते स्वाभाविक आहे. म्हणून कुणीतरी चेंडू सोडून बाकीचं मैदान बघावं लागतं: चेंडू तिकडे असताना इकडचा बचावपटू झोपलाय का, मिडफिल्ड आणि बचाव यांच्यातलं अंतर वाढतंय का. मध्यभागी खेळलेल्या बचावपटूला याची सवय असते, कारण खेळ सतत त्याच्या समोर घडत असतो. मिडफिल्डरला पाठीमागचंही बघावं लागतं, स्ट्रायकरची तर गोष्टच वेगळी. तरी याचा नियम करू नका. ग्वार्दिओला आणि आन्चेलोत्ती हे नावाजलेले प्रशिक्षक दोघेही मिडफिल्डर होते.

याशिवाय एक काम असतं, ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. संघातून वगळलेल्या खेळाडूशी बोलणं. मुख्य प्रशिक्षकाने निर्णय दिलेला असतो, त्याला तो बदलायचा नसतो, आणि खेळाडूचा संताप कुठेतरी उतरायला हवा असतो. तो उतरतो सहायकावर. युव्हेंटसमध्ये कानाव्हारो-थुरामच्या मागे बाकावर बसलेल्या माणसाला हे बोलणं कसं करायचं ते कुणी शिकवायला नको.

आणि मुख्य प्रशिक्षकच नसला तर? २०१९ पासून पंच प्रशिक्षकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवू शकतात. बाकावरून कुणी शिवी दिली आणि ती कुणी दिली हे पंचाला कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळतं. याचं उत्तम उदाहरण आपल्याच घरातलं आहे. वर ज्यांचं नाव आलं ते इगोर श्टिमाच २०१९ ते २०२४ भारताचे प्रशिक्षक होते. २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत बेंगळुरूला त्यांनी आधी पाकिस्तानविरुद्ध, मग कुवेतविरुद्ध लाल कार्ड ओढवून घेतलं. उपांत्य आणि अंतिम सामन्याला ते बाकावर नव्हते. दोन्ही सामन्यांत संघ सांभाळला सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांनी. गोव्याचे गवळी, भारताचे जुने सेंटर-बॅक. लेबनॉन आणि कुवेत, दोघांनाही पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारताने करंडक जिंकला. क्रोएशियन बचावपटू मुख्य आणि गोव्याचा बचावपटू सहायक, अशी ती जोडी.

याच श्टिमाच यांच्यामुळे कोवाच बंधूंचीही वाट उघडली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रोएशियाने श्टिमाच यांना हटवलं आणि विश्वचषकातली जागा ठरवणारी प्ले-ऑफ फेरी तोंडावर असताना २१ वर्षांखालील संघ सांभाळणाऱ्या निकोला वर घेतलं. रॉबर्ट तिथेही सहायक होता, इथेही आला. आइसलँडला हरवून ते ब्राझीलला पोहोचले, २०१४ च्या विश्वचषकात गटातच बाद झाले, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये, नॉर्वेविरुद्ध हरल्यावर, दोघेही घरी.

मार्च २०१६ मध्ये आइनट्राख्ट फ्रँकफर्टने त्यांना बोलावलं तेव्हा संघ पहिल्या श्रेणीतून पडायच्या बेतात होता. हंगामाच्या शेवटी तो १६ वा आला, म्हणजे टिकण्यासाठी दोन सामन्यांची प्ले-ऑफ. समोर न्यूर्नबर्ग, रॉबर्टचा पहिला व्यावसायिक क्लब. १-१ आणि १-०, फ्रँकफर्ट वाचलं. पुढच्याच वर्षी ते जर्मन कपच्या अंतिम फेरीत पोहोचून डॉर्टमुंडकडून हरले आणि मे २०१८ मध्ये बायर्नला ३-१ हरवून त्यांनी कप उचलला. दोन गोल क्रोएशियाच्या आंते रेबिचचे. गंमत अशी की निकोने पुढच्या हंगामासाठी बायर्नशीच करार केलेला होता आणि ही गोष्ट जगजाहीर होती.

फ्रँकफर्टच्या त्या संघात मला सगळ्यात आवडायचा तो माकोतो हासेबे. हा जपानी मिडफिल्डर तिशी ओलांडल्यावर तीन जणांच्या बचावात मधोमध, जवळजवळ जुन्या लिबेरोसारखा खेळू लागला आणि पुढे कितीतरी वर्षं खेळत राहिला. हे डोकं दोघा भावांपैकी नेमकं कुणाचं, हे बाहेरून ठरवता येत नाही. सहायकाच्या कामाची ही अडचणच आहे: त्याची कल्पना यशस्वी झाली की ती मुख्य प्रशिक्षकाची होते. न्यायाने बघितलं तर अपयशही त्याच्याच नावावर जातं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

बायर्नमध्ये पहिल्या वर्षी, २०१९ मध्ये, लीग आणि कपची दुहेरी मिळाली. रॉबर्टसाठी ती याच क्लबातली तिसरी. दोन खेळाडू म्हणून, एक सहायक म्हणून. पण ड्रेसिंग रूममध्ये कुरबुर होती, आणि २ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याच फ्रँकफर्टने त्यांना ५-१ असं धुतलं. दुसऱ्या दिवशी निको पायउतार झाला.

इथे सहायकांचे दोन प्रकार समजून घ्यावे लागतात. रॉबर्ट निकोबरोबर गेला. त्याच बाकावर हान्सी फ्लिक नावाचा आणखी एक सहायक बसायचा. क्लबने त्याला त्या उन्हाळ्यात आणलं होतं. तो राहिला आणि मुख्य प्रशिक्षक झाला. फ्लिक २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीत योआखिम ल्योवचा सहायक होता, त्यामुळे माणूस नवखा नव्हता. पुढच्या दहा महिन्यांत लीग, कप आणि युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग, तिन्ही बायर्नकडे. खेळाडू तेच, ज्यांना घेऊन कोवाच बंधू अडखळत होते.

म्हणजे एक सहायक प्रशिक्षकाचा माणूस असतो आणि दुसरा क्लबचा. पहिला मुख्य प्रशिक्षकाबरोबर येतो, त्याच्याबरोबर जातो. त्याच्याकडून अपेक्षा असते ती निष्ठेची आणि चार भिंतींच्या आत स्पष्ट बोलण्याची. दुसरा क्लबला ओळखतो, खेळाडूंना ओळखतो, आणि मुख्य प्रशिक्षक पडला की पर्याय म्हणून तयार असतो. पहिल्या प्रकारात सख्खा भाऊ असणं म्हणजे विश्वासाचा प्रश्नच मिटला. भाऊ आपली खुर्ची घेईल ही भीती निकोला कधी बाळगावी लागली नाही. पण याची किंमतही आहे. घरातलाच माणूस शेजारी बसवला की वेगळं मत ऐकायला मिळतं का, असा प्रश्न क्लबचे संचालक विचारू शकतात. शिवाय थोरला पडला की धाकटाही पडतो: क्रोएशिया, बायर्न, २०२१ च्या अखेरीस मोनॅको, मार्च २०२४ मध्ये वोल्फ्सबुर्ग. मोनॅकोत तर पहिल्याच हंगामात त्यांनी संघाला फ्रेंच लीगमध्ये तिसरं आणून फ्रेंच कपच्या अंतिम फेरीत नेलं होतं.

क्रोएशियात निवृत्त बचावपटूला सहायक करण्याची ही एकच तऱ्हा नाही. वेंब्लीच्या त्या रात्रीतला शिमुनिच २०१५ मध्ये आंते चाचिचच्या हाताखाली राष्ट्रीय संघाचा सहायक झाला. चोर्लुकाचं उदाहरण अधिक रंजक. १०३ सामने खेळलेला, २०१८ मध्ये रशियात उपविजेत्या संघात असलेला चोर्लुका २०२१ मध्ये खेळ सोडून जवळजवळ लगेच राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचा, झ्लात्को दालिचचा, सहायक झाला. लुका मोद्रिच त्याचा जुना जिवलग. दोघे झाप्रेशिचच्या छोट्या क्लबात, डिनामोत आणि टॉटनहॅममध्ये एकत्र खेळले. आता मोद्रिच मैदानावर आणि चोर्लुका बाकावर. कालपर्यंत ज्याच्या शेजारी कपडे बदलले त्याला आज धावायला सांगायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. २०२२ च्या विश्वचषकात मारिओ मांजुकिचही त्याच बाकावर होता. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पेनल्टीवरून वाद घालून त्याने लाल कार्ड मिळवलं. स्ट्रायकरला सहायक केलं तरी स्वभाव जात नाही म्हणायचं. क्रोएशिया तिसरा आला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉर्टमुंडने निकोला बोलावलं, रॉबर्ट अर्थातच बरोबर. क्लॉपच्या पोरांनी ज्या क्लबात त्याची जागा घेतली, तिथे तो सोळा वर्षांनी परतला होता. संघ बुंडेसलिगात ११ वा होता. सुरुवात वाईटच झाली, पहिला सामना श्टुटगार्टविरुद्ध घरच्या मैदानावर गमावला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बार्सिलोनाने बाहेर काढलं, आणि बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता हान्सी फ्लिक. पण मार्चमध्ये भावांनी दोनऐवजी तीन सेंटर-बॅक खेळवायला सुरुवात केली आणि लीगमधले शेवटचे आठ सामने डॉर्टमुंड हरलंच नाही; २४ पैकी २२ गुण. शेवटच्या दिवशी कीलला ३-० हरवून ते चौथे आले आणि पुढच्या हंगामाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये दाखल झाले. ऑगस्टमध्ये क्लबने निकोचा करार २०२७ पर्यंत वाढवला. धाकट्याचा पुढचा पत्ताही त्यावरून साधारण कळला.